तोंड माझं, हात लोकांचे

कोणतीही वस्तू हातात दिली की मावशी ती आधी डोळ्यांपाशी न्यायची. इतकी जवळ, की पापण्या त्या वस्तूला घासाव्यात. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारी वास घेतेय. मग ती वस्तू उलटी व्हायची, कानाशी हलवून पाहिली जायची आणि शेवटी प्रश्न यायचा, "आत काय हाय?"

बिस्किटाचा पुडा असो, थंड पेयाची बाटली असो नाहीतर डोकेदुखीची गोळी, प्रश्न तोच. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला बायकोने तिच्या हातावर केकचा तुकडा ठेवला, तेव्हाही तोच.

"केक आहे मावशी."

"ते झालं नाव. आत काय हाय?"

बायकोने अंडी, मैदा, साखर, लोणी असं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मग चपाती खायची ना सरळ. एवढा उपद्व्याप कशापायी?"

हरिहरेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावच्या किनाऱ्याच्या तोंडाशी माझं दुकान आहे. टोप्या, गॉगल, प्लास्टिकचे चेंडू, भिजलेल्या माणसांसाठी टॉवेल आणि भाजलेल्या माणसांसाठी सनस्क्रीनच्या नळ्या. दुकान माझं म्हणायचं एवढंच, चालवते बायको. मी गल्ल्यावर बसून पेपर वाचतो आणि त्यात ज्या रोगाची लक्षणं दिली असतील तो रोग मला दुपारपर्यंत होतो. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. मुलगी पुण्याहून फोन करते तेव्हा "बाबा कसे आहेत" असं विचारत नाही, "बाबांना आज काय झालंय" असं विचारते.

तुम्ही आमच्या बाजूला आला असाल, तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. पाहिलं असेल तर विसरला नसाल. जन्मतःच तिच्या अंगात रंग नव्हता. केस सुंभासारखे, भुवया पांढऱ्या, कातडी कच्च्या कोळंबीसारखी गुलाबी, आणि डोळे सतत थरथरणारे, पाण्यावर दिवा हलावा तसे. कोळीवाड्यात तिला पाठीमागे भुरी म्हणत. तोंडावर सगळेच मावशी. लग्न झालं नाही. भावाच्या घरी राहिली आणि भावाचं घर मासळी सुकवणाऱ्यांचं. म्हणजे पाहा, जिला ऊन सोसत नाही तिला नेमकं असं घर मिळालं, जिथे ऊन हेच भांडवल. बाकीच्या बायका आभाळाकडे बघून खूश व्हायच्या तेव्हा ही पदर पुढे ओढायची.

तिच्या रंगाचे किस्से ती स्वतःच सांगे. एकदा पुण्याची चार पोरं किनाऱ्यावरून येताना वलांडीपाशी थांबली. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचा बांबूंचा मांडव. त्यांनी हिला पाहिलं आणि अदबीने इंग्रजीत सुरुवात केली. कुठल्या देशातून आलात, भारत कसा वाटला. हिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोंबील घेतस का, का नुसता टाइमपास?" त्यातल्या एकाच्या हातातला फोन वाळूत पडला.

हा किस्सा ती रंगवून सांगायची आणि शेवटी हसता हसता डोळे पुसायची. हसण्याने की उन्हाने, ते कळत नसे.

तिच्या कपाळावर एक डाग आला. खरखरीत, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखा. मी तो पाहिला आणि दुकानात बसल्या बसल्या माझं स्वतःचं कपाळ चाचपलं. बायकोने मात्र दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून माणगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डाग गोठवून काढला आणि मग जे काय झापलं म्हणतात! या कातडीला स्वतःची छत्रीच नाही, ऊन सरळ आत जातं, अशाच डागातून पुढे कर्करोग होतो. पूर्ण हाताचा ब्लाउज, डोक्यावर टोपी, आणि उघड्या राहणाऱ्या प्रत्येक जागेला मलम. रोज. जन्मभर.

परत आली ती थेट दुकानात. मी नळी काढून दिली. तिने पापणीला लावली.

"आत काय हाय?"

मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. ती नावं तुम्ही कधी वाचली आहेत का? मी मराठी शाळेतला. अर्ध्या नावात माझा श्वास संपायचा आणि उरलेलं नाव मी दुसऱ्या नावाला जोडायचो. ती मन लावून ऐकत होती, पोथी ऐकावी तशी. संपल्यावर म्हणाली, "ह्यातलं एक तरी तू कधी खाल्लंस का रं शेट?"

"मावशी, हे खायचं नाही, लावायचं."

"कातडीला तोंड न्हाय व्हय?" ती म्हणाली.

मी हसलो. ते हसू मला फार दिवस पुरलं नाही.

तेव्हापासून तिचा एक नेमच झाला. सकाळी कामाला जायच्या आधी ती दुकानात यायची. गिऱ्हाइकांनी गॉगल लावून बघावा म्हणून टांगलेल्या आरशासमोर उभी राहायची. नाक काचेला टेकवूनही तिला स्वतःचं तोंड धड दिसत नसे, म्हणून बायको शेजारी उभी राहून सांगायची.

"डावा कान राहिला."

"कानाला कोन बघतंय?"

"ऊन बघतंय. मानेला मागून लावा. थांबा, मी लावते."

देवीला हळद लावावी तशी माझी बायको तिला मलम लावत असे. ते झालं की मावशी टोपी चढवायची, माझ्याच दुकानातली, तिच्यावर एका बाजूला डॉल्फिन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत काहीतरी खुळचट. वर पदर घ्यायची आणि निघायची. डाग परत आला नाही. माणगावच्या बाई खूश, बायको खूश. मीसुद्धा खूश, कारण मला त्या महिन्यात एकही रोग झाला नव्हता.

एक फजिती मात्र झाली. महाडचं एक नेहमीचं गिऱ्हाईक बोंबील घेऊन गेलं आणि पुढच्या खेपेला कुरकुरत आलं. बोंबलाला पावडरचा वास येतो म्हणे. कालवणात जुईची बाग फुलली. सगळा कोळीवाडा हसला. मावशीही हसली. पण संध्याकाळी दुकानात येऊन तिने नळी पुन्हा डोळ्यांपाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. तेव्हापासून मासळीला हात लावायच्या आधी ती माती लावून हात खसाखसा धुवायला लागली. आम्हाला वाटलं, वासासाठी. होतंच ते वासासाठी. तोवर.

मग एक दिवस माझ्या फोनवर ती पोस्ट आली.

तुम्हालाही आली असेल. लाल अक्षरं, कवटीचं चित्र. उन्हाचं मलम कातडीतून रक्तात जातं. शरीरातल्या ग्रंथी बिघडवतं. ज्या कर्करोगासाठी लावता तोच देतं. खाली, आपल्या माणसांना वाचवायचं असेल तर पुढे पाठवा. मी ती वाचली आणि आधी स्वतःचं मनगट पाहिलं. गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी प्रत्येक नळीतलं बोटभर मी माझ्याच मनगटावर लावून दाखवत असे. म्हणजे बाकीच्यांच्या रक्तात एकेक मलम, माझ्या रक्तात सगळा स्टॉक.

मी ती कुणाला पाठवली नाही. पाठवायची गरजच नव्हती. संध्याकाळपर्यंत ती कोळीवाड्यातल्या प्रत्येक फोनवर होती. मावशीच्या भाचेसुनेने ती मोठ्याने वाचून दाखवली, ओटीवर सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी मावशी आरशासमोर आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बायको बघायला गेली तर ही भर दुपारी वलांडीपाशी उभी, तोंड उघडं, गाल उकडलेल्या खेकड्यासारखे.

"मावशी, वेड लागलं का?"

"शेटला विचार. रक्तात जातं ते."

एक भीती आभाळातून येत होती, दुसरी नळीतून. त्यांच्या मधे ती पांढरी बाई उभी होती. मला विचाराल तर मला दोन्हींची सारखीच भीती वाटत होती, आणि दोन्हींतलं नक्की काहीच माहीत नव्हतं. बायकोने आम्हा दोघांनाही माणगावला नेलं. एसटीत मी खिडकीजवळ बसलो, मग ऊन येतं म्हणून उठलो, मग मलम लावलं नाही म्हणून बरं वाटलं, मग मलम लावलं नाही म्हणून भीती वाटली.

डॉक्टरीणबाईंनी आधी मला निकालात काढलं. "तुम्ही किती लावता?"

"दाखवण्यापुरतं. बोटभर. पण रोज."

"माझ्या नवऱ्याच्या रक्तात चहाशिवाय काही सापडणार नाही," बायको म्हणाली. "तुम्ही मावशींचं बघा."

मावशीने आपला प्रश्न विचारला. बाईंनी तो टाळला नाही, हे मला अजून आठवतं. त्या म्हणाल्या, "काही मलमांतली रसायनं रक्तात जातात, हे खरं आहे. तपासलं तर सापडतात. पण सापडली म्हणजे अपाय झाला, असं नाही. अपाय होतो का, हे तपासणं अजून चालू आहे. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, सगळं कळलेलं नाही."

"आन उन्हाचं?"

"उन्हाचं कळलेलं आहे. तुमच्यासारख्या कातडीला ऊन काय करतं, ते या खुर्चीवर मी स्वतः पाहिलंय. बरं, तुम्हाला रसायनाची भीती वाटते ना? मग दुसरं देते. जस्ताचं. ते कातडीच्या वर बसून राहतं, आत जवळजवळ जातच नाही."

"जस्त? पत्र्याला असतं ते?"

"तेच, पण बारीक पूड करून."

"आमच्याकडचा पत्रा खाऱ्या वाऱ्यात चार पावसाळे टिकत न्हाय बाई."

"म्हणून तर रोज लावायचं," बाई म्हणाल्या, आणि मावशी पहिल्यांदा हसली. जस्ताने तोंड पांढरंफटक दिसतं, बाकीच्यांना ते आवडत नाही, असं बाई सांगायला लागल्या तेव्हा तर ती खदखदून हसली. "माझ्यावर पांढरं दिसलं, तर कुनाला कलतंय!"

हातमोजेही घाला, असं बाईंनी बजावलं.

परतीच्या एसटीत ती बराच वेळ नवी नळी चाचपत होती. म्हसळ्याच्या पुढे आल्यावर तिने बायकोला विचारलं, "पोरी, मान्साच्या कातडीतून आत जात आसंल, तर बोंबलाच्या कातडीतून पण जात आसंल?"

"बोंबील धुऊन खातात मावशी," बायको म्हणाली. तिला झोप येत होती.

मावशीने नळी पिशवीत पार तळाशी सारली.

सकाळचा नेम परत सुरू झाला. डावा कान, उजवा कान, मान मागून. हातमोजेही तिने घालून पाहिले, पण तुम्ही कधी बोंबील वाळत घातलाय का? दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूवर टाकायची. बोंबलाचे दात म्हणजे सुया. सुताचा मोजा घातला की बोंबील बांबूला लटकायच्या ऐवजी मोज्यालाच लटकतो. ती हात वर करून दाखवायची, बोटाबोटाला एकेक बोंबील, दिवाळीतल्या तोरणासारखा. रबराचा मोजा फाटायचा आणि आत घामाने हात शिजायचा. मोजे गेले वलांडीच्या खुंटीवर, ते तिथेच राहिले.

पुढच्या हंगामात तिच्या उजव्या हाताला चिंधी दिसली.

"काटा लागला," ती म्हणाली.

आता हे तुम्हाला मुद्दाम सांगायला हवं. आमच्या कोळीवाड्यात हाताला चिंधी नसलेली बाई दाखवा. शिंगाळा माशाचा काटा, बोंबलाचे दात, खेकड्याची नांगी. काटा लागतो, हात सुजतो, हळद भरतात, चिंधी बांधतात, काम चालू. कुणी कुणाला विचारत नाही. कारकुनाच्या बोटाला शाई असावी तसं ते. तिच्या हातावर चिंधी पाहून आम्हाला काळजी वाटायचं काही कारण नव्हतं. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. रोज सकाळी, आरशासमोर, दोन माणसं तिच्या कपाळाचा, नाकाचा, कानाचा इंच इंच तपासत होती. चिंधी तिथेच होती, नळी धरलेल्या हातावर, आमच्या डोळ्यांसमोर.

चिंधी बदलत राहिली. गणपती झाले, चिंधी होती. नवरात्र आलं, चिंधी होती. एका सकाळी बायकोच्या हातून मलमाचं टोपण खाली पडलं, ते उचलायला दोघी वाकल्या आणि बायकोला वास आला. मासळीचा नव्हे. मासळीच्या वासाने आम्हाला काही होत नाही. तिने मावशीचं मनगट पकडलं.

"सोडा ती चिंधी."

"काटा हाय गो."

"कधीचा काटा?"

मावशीने मनगट सोडवायला ओढलं. बायकोने चिंधी सोडली. हाताच्या पाठीवर एक गाठ फुटून वर आली होती, फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, कडा टणक, मधून रक्त झिरपत होतं. मी रोज नवा रोग होणारा माणूस; त्या क्षणी मला कोणताही रोग झाला नाही. मला फक्त एवढं कळलं, की मी आजवर जिला भीती म्हणत होतो ती भीती नव्हतीच, करमणूक होती.

माणगावच्या बाईंनी हात पाहिला आणि त्या यावेळी रागावल्या नाहीत. तेच वाईट होतं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि काखेत बोटं घालून चाचपलं. मग थांबून परत चाचपलं.

"हाताला मलम लावत नव्हता?" त्यांनी हळूच विचारलं.

मावशी आपल्या हाताकडे बघत होती, पापण्या लागतील इतक्या जवळून.

"तोंडाला लावलं ना बाई. एक दिस चुकवलं न्हाय. ही पोरगी साक्ष हाय."

"पण हाताला?"

"तोंड माझं हाय," ती म्हणाली. "हात लोकांचे. ह्या हातांनी मी बोंबील अडकवते, जवला पसरवते. तो कुनाच्या घरी जातो, कुनाचं पोर खातं, मना काय ठाऊक. ते आत काय हाय ते तुमालाच पुरतं ठाऊक न्हाय म्हनालात. मग मी ते कुनाच्या पोटात कशी घालू?"

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरची नळी उचलली, परत ठेवली. माझी बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. हाताच्या पाठीला मलम लावून तळवे तेवढे धुतले असते, बाही लांब केली असती, काम सावलीत घेतलं असतं तर वगैरे कितीतरी गोष्टी सांगता आल्या असत्या. बाईंनी त्यातली एकही सांगितली नाही.

तपासणीचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. दुकानात कुणी नळी मागितली की मी उगाच दचकायचो. निकाल आला. जी भीती होती तेच. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिचा उजवा हात मनगटापासून काढला, काखेतल्या गाठी काढल्या. गाठी काढल्या म्हणजे सगळं काढलं असं नसतं, हे आम्हाला तिथेच कळलं.

ती परत येईपर्यंत कोळीवाड्यात निकाल लागला होता. मलमाने खाल्लं. दुसरं काय? आयुष्यभर उन्हात काढलं तेव्हा काही झालं नाही, मलम लावायला लागली आणि झालं. ती लाल अक्षरांची पोस्ट पुन्हा फिरली, यावेळी खाली कुणीतरी लिहिलं होतं, आमच्या गावातलं खरं उदाहरण.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्या घरात आणखी एक जण होतं. भाचेसुनेची मुलगी, नुकती चालायला लागलेली. केस सुंभासारखे, पापण्या पांढऱ्या, डोळे थरथरणारे. मावशीवर गेली होती. माणगावच्या बाईंनी तिलाही जस्ताचंच मलम लिहून दिलं होतं.

एका संध्याकाळी भाचेसून पोरीला कडेवर घेऊन दुकानात आली आणि न फोडलेली नळी गल्ल्यावर आपटली.

"शेट, ही ठेवा तुमच्याकडे. माझ्या पोरीच्या अंगाला ही लागायची न्हाय. एकीचा हात खाल्ला तेवढा पुरे."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो? रसायन वेगळं, जस्त वेगळं? तपासणी चालू आहे? समोर एका आईच्या कडेवर मूल होतं आणि तिच्या घरात एक हात नसलेली बाई होती. मला भीती वाटत होती, की ती चुकतेय. आणि त्याहून मोठी भीती, की तिला पटेल असं माझ्याजवळ काही नाही.

तेवढ्यात मावशी आली. कुणी निरोप दिला देव जाणे. डोक्यावर डॉल्फिनची टोपी, उजवी बाही खाली पिनेने बंद केलेली. चालताना तोल जात होता. बायकोने स्टूल पुढे केलं, ती बसली नाही.

"बोट दे," ती भाचेसुनेला म्हणाली.

"काय?"

"बोट दे गो तुजं."

डाव्या हाताने तिने भाचेसुनेचं बोट धरलं आणि स्वतःच्या गालावरून फिरवलं. कपाळावरून, कानामागून, मानेपर्यंत. सावकाश. म्हाताऱ्या माणसाची कातडी, सुरकुतलेली, पण मऊ. मग तेच बोट तिने आपल्या डाव्या हाताच्या पाठीवर आणलं. तिथे शिंपल्यांसारख्या खरखरीत खपल्या होत्या, मधे भेगा. भाचेसुनेने बोट मागे ओढायचा प्रयत्न केला. मावशीने सोडलं नाही.

"गाल लावलेला. हात बिनलावलेला. ऊन दोघांवर एकच पडलं. मलमानं खाल्लं आसतं, तर गाल खाल्ला आसता का हात?"

भाचेसून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "आन रक्तात गेलं म्हंजे? पुढं पोरीला काय झालं म्हंजे?"

"ते मना ठाऊक न्हाय," मावशी म्हणाली. "डाक्तरीण सांगते, हे आत जात न्हाय. मी काय आत शिरून बघितलं न्हाय. जे बघितलं ते तुला दावलं."

मग तिने त्या पोरीच्या गालाला हात लावायला म्हणून डावा हात पुढे केला, आणि मधेच मागे घेतला. पदराला पुसला. आणि परत पुढे केला.

भाचेसून नळी न घेताच निघून गेली. मावशी स्टुलावर बसली ती अंधार पडेपर्यंत. निघताना तिने मला विचारलं, "शेट, नेईल का रं ती?"

"नेईल मावशी."

"तुला कसं ठाऊक?"

मला ठाऊक नव्हतं. ती नळी मी गल्ल्याजवळ वेगळी काढून ठेवली आणि जातायेता तिच्याकडे बघत राहिलो.

मावशी त्यानंतर आरशासमोर आली नाही. काखेतून ते छातीत उतरलं. होळीला कोळीवाड्यात पालखी नाचली, तेव्हा तिला ओटीवर सावलीत बसवलं होतं. बायको भेटायला गेली, तर म्हणाली, "लाव गो जरा. तेवढंच बरं वाटतं." बायकोने तिच्या कपाळाला, गालाला, कानांना लावलं. तिने डावा हातही पुढे केला. त्यालाही लावलं. आता त्या हाताला मासळी शिवायची नव्हती.

पावसाळ्याआधी, जवळा सुकवायचे शेवटचे दिवस चालू असताना ती गेली.

नंतर कित्येक दिवस आरशासमोर कुणी उभं राहिलं, की बायको सवयीने "डावा कान" म्हणायची आणि गॉगल बघायला आलेलं गिऱ्हाईक बावचळून आपला कान चाचपायचं. मी आता नळ्या मनगटावर लावून दाखवत नाही. पण गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक नळी उलटी करून मागची नावं वाचतो. काही जस्ताची असतात, ती मी पुढे ठेवतो. बाकीची नावं मला अजून धड उच्चारता येत नाहीत, आणि वाचताना भीती वाटते ती वाटतेच. पण भर दुपारी उघड्या अंगाने किनाऱ्याकडे निघालेलं पोर दिसलं, की ती भीती दुप्पट होते.

नवा हंगाम लागला. वलांडीवर बोंबलांच्या जोड्या लटकू लागल्या. एका सकाळी मी शटर वर केलं, तर भाचेसून बाहेर उभी होती. कडेवर मुलगी, डोक्यावर ती डॉल्फिनची टोपी, इतकी मोठी की पोरीचं नाकच तेवढं दिसत होतं. मी वेगळी ठेवलेली नळी गल्ल्यावर ठेवली. भाचेसुनेने लगेच उचलली नाही. तिच्याकडे बघत राहिली, रस्ता ओलांडण्याआधी माणूस दोन्हीकडे बघतं तशी. मग तिने टोपण उघडलं.

पोरीने नळी तिच्या हातातून ओढून घेतली आणि पापण्यांना घासेल इतकी डोळ्यांजवळ नेली. उलटी केली. कानाशी हलवली. तिला अजून धड बोलता येत नाही. मी मात्र चष्मा शोधायला लागलो.

बायकोने पुढे होऊन सवयीने पोरीचा डावा कान धरला. भाचेसुनेने तिला थांबवलं. नळीतलं पांढरं मलम आपल्या बोटावर घेतलं आणि पोरीची मूठ उघडून हाताची पाठ वर केली.

"आधी हात, काकी," ती म्हणाली.